सूप त्यांचं, जाळं कोणाचं?

गेली पाच-सहा वर्षं एक लांबलचक मेसेज मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. फोटो बदलतात, शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. चिनी लोक टेबल-खुर्ची सोडून चार पायांचं सगळं खातात. शार्क त्यांच्या सूपमुळे संपले, खवले मांजर त्यांच्या औषधांमुळे. करोना त्यांच्या ताटातून आला. समुद्र त्यांच्या बोटींनी उपसला. आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी बाकीचा सगळा खटाटोप: आपण प्राण्यांत देव पाहतो म्हणून आपला निसर्ग टिकला, बिघडवला त्यांनी आणि भोगतोय आपण.

यातलं काही खरं आहे आणि अडचण तिथेच आहे. साफ खोटा मेसेज एका ओळीत खोडता येतो. अर्धा खरा असला की एकेक टाका उसवत बसावं लागतं.

‘टेबल-खुर्ची सोडून सगळं खातात’

हा विनोद मुळात चिन्यांचाच. दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या, म्हणजे कँटोनी लोकांची खिल्ली उडवायला बाकीचे चिनी तो वापरतात. पुणेरी पाट्यांवरून सगळा महाराष्ट्र जोखावा, तसा तो देशाबाहेर पडताना ‘सगळे चिनी’ असा झाला. रोजचं चिनी जेवण बघायला गेलं तर फारच साधं निघतं. उत्तरेत गव्हाचे नूडल्स आणि वाफवलेले पाव, दक्षिणेत भात, दोन्हीकडे ढीगभर पालेभाजी, टोफू आणि डुकराचं मांस. जगातली निम्म्याच्या आसपास डुकरं चीनमध्ये आहेत आणि भाजीपाला पिकवण्यातही तोच देश पहिला आहे. रानटी प्राण्याचं मांस हा तिथे मुख्यतः पैसेवाल्यांच्या मेजवानीचा आणि काही दक्षिणी प्रांतांचा प्रकार होता. २४ फेब्रुवारी २०२० रोजी जमिनीवरच्या रानटी प्राण्यांचं मांस खाण्यावर चीनने बंदी घातली.

किळस वाटणं आणि नुकसान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेज त्यांची गल्लत करतो. सुकटीच्या वासाने शेजाऱ्याच्या खिडक्या धडाधड बंद होतात, पण सुकट वाळवायला ऊन सोडून काही लागत नाही. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या काई चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मुंग्यांसाठी कोणी जंगल तोडून सोयाबीन पेरत नाही. ब्रॉयलर कोंबडीसाठी मात्र पेरतात, आणि ती खाताना कोणी नाक मुरडत नाही.

या विनोदाची किंमत कोणी मोजली, तेही नोंदवायला हवं. २०२० च्या वसंतात मणिपूर, नागालँड, मिझोरमच्या मुलामुलींना देशातल्या शहरांमध्ये ‘करोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना त्याबद्दल सूचनापत्र पाठवावं लागलं.

‘शार्क त्यांच्या सूपमुळे संपले’

इथे मेसेज सगळ्यात भक्कम वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

शार्कच्या पंखांचं सूप ही चिनी मेजवानीची प्रतिष्ठेची वस्तू होती आणि अजून काही प्रमाणात आहे. पंखांना स्वतःची चव नसते. चव असते ती कोंबडीच्या वा हॅमच्या रश्श्याला, पंखांतून मिळतात फक्त शेवयांसारखे तंतू. पंखांचं वजन शार्कच्या एकूण वजनाच्या साधारण ५ टक्के, पण भाव सगळ्यात जास्त. म्हणून खोल समुद्रातल्या बोटी पंख कापून उरलेला जिवंत मासा पाण्यात फेकत. हे सगळं खरं.

आता पुढचं. चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंगने २००६ पासून या सूपविरुद्ध मोहीम चालवली. २०१३ मध्ये चीनने सरकारी मेजवान्यांतून हे सूप काढून टाकलं. पंख कापून मासा फेकण्यावर जगभर एकामागून एक कायदे आले. भारताने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘पंख अंगाला जोडलेलेच शार्क किनाऱ्यावर आणायचे’ असा नियम केला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये पंखांची निर्यात बंद केली. मेसेज बरोबर असता, तर यानंतर शार्कचे मृत्यू घसरायला हवे होते. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१२ ते २०१९ या काळात मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या वर्षाला ७ कोटी ६० लाखांवरून ८ कोटींवर गेली.

का? कारण पंखांना बंदी आली तशी अख्खा मासा आणून मांस विकण्याची सोय झाली, आणि मांसाचं गिऱ्हाईक चिनी नाही. शार्कचं मांस सगळ्यात जास्त आयात करणाऱ्या देशांत ब्राझील वरच्या जागी आहे. तिथे ते ‘कसाऊँ’ या नावाने विकलं जातं आणि खाणाऱ्या पुष्कळांना आपण शार्क खातोय याचा पत्ताही नसतो. ब्रिटनमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानात त्याला ‘रॉक सामन’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘फ्लेक’. हाँगकाँगला पंख पुरवणाऱ्यांत स्पेन आघाडीवर राहिला आहे.

आणि आपण? शार्क पकडणाऱ्या देशांच्या यादीत भारत अनेक वर्षं वरच्या जागांवर आहे. मुंबई-ठाण्याकडे जिला मुशी म्हणतात आणि मालवणकडे मोरी, ती शार्कच. मोरीचं सुकं किंवा मुशीचं कालवण करताना चिनी सूप कोणाच्या मनातही येत नाही. बाजारात दिसते ती बहुतेक वेळा फावड्यासारख्या चपट्या तोंडाची छोटी मुशी, हातभर लांबीची. ही जात त्यातल्या त्यात लवकर वाढते आणि बऱ्यापैकी पिल्लं देते, म्हणून अजून टिकून आहे. पण त्याच टोपलीत कधी हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कची पिल्लंही असतात. त्या जातीच्या मादीला वयात यायला दहा-बारा वर्षं लागतात. बांगडा वर्षा-दोन वर्षांत अंडी घालतो, लाखांनी घालतो. हातोडी शार्क एका विणीला फार तर दोन-तीन डझन पिल्लं देते. तिची पिल्लं बांगड्याच्या वेगाने उचलली, तर दहा वर्षांनी वीण द्यायला कोणी उरत नाही.

ती पिल्लं कोणी मुद्दाम पकडत नाही. हा जाळ्याचा प्रश्न आहे. ट्रॉलरचं जाळं ओढलं जातं तेव्हा सगळा माल शेवटच्या पिशवीत, खोल्यात, जमतो. या खोल्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे शंकरपाळ्यासारखी विणलेली असेल, तर ओढ बसली की दोर ताणतात, शंकरपाळ्या लांबट होऊन मिटतात आणि कागदावर ४० मिमी असलेल्या भोकातून बोटही जात नाही. तीच आस चौकोनी बसवली, तर ओढ दोरांच्या दिशेने जाते, चौकोन उघडा राहतो, लहान मासळी निसटते. म्हणून ट्रॉलच्या खोल्याला ४० मिमी चौकोनी आसेचा नियम आहे. तो मोडायची पद्धतही ठरलेली: चौकोनी खोल्याच्या आत बारीक आसेचं दुसरं अस्तर. किनाऱ्यावर तपासणीला बाहेरचं जाळं दिसतं, पाण्यात काम आतलं करतं. या अस्तरात बीजिंगचा हात नाही.

गुजरातचं उदाहरण उलट्या बाजूने बघण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकात वेरावळच्या किनाऱ्यावर देवमाशाएवढा व्हेल शार्क मारला जात होता. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला इथेच लागायचं, मांस तैवानला जायचं. २००१ मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. कायद्याने फार फरक पडला नसता. फरक पडला तो २००४ नंतर. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने रामकथाकार मोरारी बापूंना बरोबर घेऊन ‘ही माहेरी आलेली लेक आहे’ असं सांगितलं, आणि मासा सोडवण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायची सोय झाली. ही भरपाईची सोय महत्त्वाची. जाळं म्हणजे हजारो रुपये. ते स्वतःच्या खिशातून कापा असं सांगणारी मोहीम पहिल्या हंगामातच आपटली असती. व्हाली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या माशाला मारणारे, वाचवणारे, दोघंही तिथलेच.

‘खवले मांजर त्यांच्या औषधांमुळे’

हा मुद्दा बराचसा मान्य. खवल्यांची मागणी मुख्यतः चीन आणि व्हिएतनामची. खवले म्हणजे आपल्या नखांतलंच केराटिन, त्यात औषध काही नाही. २०१६ मध्ये आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, आणि २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधकोशातून खवले वगळले.

पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं खवले मांजर पकडायला बाहेरचं कोणी येत नाही. धोका दिसला की ते पळत नाही, अंगाची गुंडाळी करून पडून राहतं. वाघ-बिबट्यासाठी ही युक्ती चालते; माणूस मात्र ती गुंडाळी सरळ पोत्यात भरतो. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. गावातून एक जोडी गेली तरी ती जागा भरून निघायला वर्षं लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावोगाव काम केलं ते याच कारणाने: मागणी हजारो किलोमीटर लांब आहे, बीळ मात्र देवराईच्या मागे आहे.

‘करोना त्यांच्या ताटातून आला’

विषाणू माणसात नेमका कसा शिरला, याचा निर्विवाद पुरावा पुढे आलेला नाही. मेसेज मात्र खात्रीने सांगतो, शिवाय त्यातून नियमही काढतो: विचित्र खाल्लं की रोग येतो.

नियम लावून बघा. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथे कोणी वटवाघळं शिजवत नव्हतं. अंड्यांच्या आणि कोंबड्यांच्या मोठाल्या शेड होत्या. एकाच वंशाच्या हजारो कोंबड्या एका छपराखाली असल्या की विषाणूला एका कोंबडीकडून दुसरीकडे जायला भिंत उरत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ओळखला गेलेला ‘मॅड काऊ’ रोग पसरला तो गाईंना गाई-मेंढ्यांच्या हाडामांसाची भुकटी चारल्यामुळे. भुकटी स्वस्त प्रथिन होतं, म्हणून गवत खाणाऱ्या जनावराला मांस खायला घातलं. ताटात शेवटी आलं ते अगदी सभ्य बीफ.

माकडताप तर आपल्या दारातला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो सापडला, पुढे गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्गात पोचला. माकड खाऊन तो कोणालाच झालेला नाही. तो पसरवते गोचीड. माकड मरून पडतं, त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि काजूच्या बागेत पाचोळा गोळा करणाऱ्याच्या पायाला चिकटतात. म्हणून दोडामार्गात आरोग्य खातं सांगतं ते खाण्याबद्दल नसतं: मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा, बागेत जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या कातडीला गोचीडरोधक तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळा.

‘समुद्र चिनी बोटींनी उपसला’

चीनचा खोल समुद्रातला ताफा जगात सगळ्यात मोठा आहे, त्याला डिझेलवर भरघोस अनुदान मिळतं, आणि गॅलापागोसच्या हद्दीबाहेर किंवा अर्जेंटिनाजवळ माकुळासाठी शेकडो बोटी एका रांगेत उभ्या राहतात. हे झाकण्यात अर्थ नाही. मात्र समुद्र उपसायचं तंत्र चीनने शोधलेलं नाही. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा कॉड पाचशे वर्षं युरोप-अमेरिकेला पुरला आणि फॅक्टरी ट्रॉलर आल्यावर दोन पिढ्यांत संपला. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला मासेमारी थांबवावी लागली आणि तीस हजारांवर लोकांचं काम एका घोषणेत गेलं. कॉड कोणाला विचित्र वाटत नाही. म्हणूनच कदाचित त्याच्यावर कोणी मेसेज लिहीत नाही.

अरबी समुद्रातल्या आपल्या हद्दीत परदेशी बोटींना मासेमारीची परवानगी नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांत जी पर्ससीन (थव्याला वेढून तळाशी बटव्यासारखी आवळायची) जाळी पडतात आणि रात्री जनरेटरवर जे एलईडी दिवे पेटतात, ते महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकच्याच बोटींचे. दिव्याखाली मासळीचा थवा, अंडी भरलेल्या माद्यांसकट, एका जागी जमतो आणि एका फेरीत उचलला जातो. केंद्राने २०१७ मध्ये यावर बंदी घातली. दिवे पूर्ण विझले असं कोणी कोळी म्हणणार नाही.

पालघर-सातपाटीच्या घोळ माशात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. घोळीच्या पोटातली हवेची पिशवी, बंदरावरचं बोत, वाळवून हाँगकाँग-सिंगापूरकडे जाते आणि माशाच्या मांसापेक्षा किती तरी जास्त पैसे देऊन जाते. खाणारे चिनी, पकडणारे आपले, दलाल दोन्हीकडचे. आणि माशाच्या अशाच पिशव्या इंग्रजांना बिअर निवळ करायला लागत. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून त्या त्यासाठीही जात. पिशवी पोटात घेणारे एकटे चिनी कधीच नव्हते.

मासे न खाणारेही इथून सुटत नाहीत. ट्रॉलमध्ये आलेली बोटभर, चेंगरलेली, विकायला न येणारी मासळी फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्यात जाते. एक किलो फिशमीलला साधारण साडेचार किलो ओली मासळी लागते. ते फिशमील कोळंबीच्या तळ्यांत आणि कोंबडीच्या खाद्यात जातं. व्हॅनामेई जातीच्या कोळंबीला भारतात २००९ मध्ये परवानगी मिळाली, आंध्रात तळी उभी राहिली, आणि तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिका. तिथल्या सुपरमार्केटातल्या सोललेल्या कोळंबीमागे आपल्या समुद्रातली पिल्लं आहेत, आणि तो पदार्थ कोणाच्याच किळसेच्या यादीत नाही. याउलट चीनची बरीचशी मत्स्यशेती गवत आणि शेवाळ खाणाऱ्या कार्प माशांची आहे, थरांवर थर: चंदेरा (सिल्व्हर कार्प) वर, गवत्या (ग्रास कार्प) मधल्या पाण्यात, तळाशी सायप्रिनस (कॉमन कार्प), कोणी कोणाचं खाद्य हिसकावत नाही. आपले रोहू-कटला-मृगळ याच तत्त्वावर वाढतात. त्यांच्या जोडीला तळ्यांत सोडतात ते गवत्या आणि चंदेरा मासे मूळचे चीनकडचे, १९५९ मध्ये भारतात आणलेले. काही गोष्टी तिकडून शिकलेल्याही आहेत.

‘आपण प्राण्यांत देव पाहतो’

जटायूचं देऊळ आहे, गिधाडं नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात गिधाडं कोटींनी होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं. त्यांना कोणी खाल्लं नाही, कोणी गोळ्या घातल्या नाहीत. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षितज्ज्ञ विभू प्रकाश यांनी घटीची नोंद केली तेव्हा आधी सगळ्यांना साथीच्या रोगाचा संशय आला. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून कारण कळलं: डायक्लोफिनॅक. सांधेदुखीला आपण घेतो तेच.

साखळी अशी. बैल लंगडतो, गाय तापते, मालकाला तिचे हाल बघवत नाहीत. औषध स्वस्त झालं होतं, इंजेक्शन देतात. गाय तरीही मरते. ती खायची नसते, म्हणून गावाबाहेर टाकतात. मांसात औषध शिल्लक असतं. गिधाडाचं मूत्रपिंड ते सहन करू शकत नाही, युरिक ॲसिड बाहेर पडायचं थांबतं आणि काळजावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर बसतो. पक्षी मान टाकून फांदीवर बसून राहतो आणि काही दिवसांत खाली पडतो. एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात, त्यामुळे विषारी मढी फार लागत नाहीत. गणिताने काढलं तेव्हा सुमारे एकशेतीस ते साडेसातशे मढ्यांमागे एक एवढंच प्रमाण या घटीला पुरेसं निघालं.

या गोष्टीत दुष्ट कोणीच नाही. गाईची कणव करणाऱ्या हातांनीच गिधाडं गेली. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याची पारशी समाजाची हजार वर्षांपेक्षा जुनी रीत त्यामुळे अडली आणि सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. उरलेल्या मढ्यांवर कुत्री वाढली, आणि त्यांच्याबरोबर रेबीज.

बंदी २००६ मध्ये आली आणि लगेच गळली. जनावरांचं औषध बंद झालं, माणसांची ३० मिलिची बाटली दुकानात होतीच. गाईला तेवढंच लागतं. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिवर आणली, तेव्हा कुठे दहा कुप्या फोडण्याचा कंटाळा औषधापेक्षा मोठा ठरला. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाली, कारण ॲसिक्लोफिनॅकचं गाईच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं. गोठा असणाऱ्यांनी डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावं, ते गिधाडांना चालतं. वेदनाशामक चालू असताना किंवा त्यानंतरच्या आठवड्यात जनावर मेलं, तर उघड्यावर न टाकता खोल पुरावं.

पूजेचीच गोष्ट निघाली आहे तर मांडुळाचं काय? दोन तोंडांचा म्हणून प्रसिद्ध असलेला हा निरुपद्रवी साप महाराष्ट्रात सतत पकडला आणि विकला जातो तो गुप्तधनाच्या आशेने, वजनावर भाव ठरवून. कोणीही तो खात नाही. ‘हत्ताजोडी’ नावाची जोडलेल्या हातांसारखी मुळी तिजोरीत ठेवायला ऑनलाइन मिळायची. २०१७ मध्ये उघडकीस आलं, की त्यातल्या पुष्कळ मुळ्या म्हणजे घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग होतं. विकत घेणाऱ्यांतले कित्येक जण कांदासुद्धा न खाणारे असतील.

बेडकांचं तर आपणच दुकान उघडलं होतं. १९८७ मध्ये निर्यातबंदी होईपर्यंत भारत बेडकाच्या तंगड्या युरोप-अमेरिकेला पाठवणाऱ्या देशांत सगळ्यात पुढे होता, वर्षाला हजारो टन. खाणारा फ्रेंच होता आणि त्याला कोणी रानटी म्हणत नाही, ती पाककला. भातखाचरातले बेडूक गेल्यावर खाचरातले किडे राहिले. बंदीनंतर तोच धंदा इंडोनेशियाकडे सरकला. गोव्यात पावसाळ्याच्या पहिल्या रात्री ‘जंपिंग चिकन’च्या नावाने बेडूक अजूनही चोरून पकडले जातात.

आणि ज्याला यातलं काहीच लागू नाही असं वाटतं, त्याने चिवड्याच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचावीत. पामतेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश भारत आहे, वर्षाला ऐंशी-नव्वद लाख टनांच्या आसपास. ते येतं मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून, जिथे ओरांगउटानचं जंगल तोडून पामची लागवड झाली. फरसाण, बिस्किटं, अंगाचा साबण. पूर्ण शाकाहारी.

मग बघायचं काय?

खाणारा कोण, हे विचारून हाती काही लागत नाही. मासा किंवा प्राणी किती वर्षांनी वीण देतो, तो कशाने पकडला, त्याला काय चारलं आणि त्याच्याबरोबर आणखी कोण मेलं, एवढं विचारलं तर सूपही तपासता येतं, कालवणही आणि दुधाचा ग्लासही. चिनी माणसाने शार्कपंख सोडावेत ही मागणी रास्तच आहे. ती करणाऱ्याने पाटीतली हातभर हातोडी मुशी नाकारायला हवी. ओळखायला सोपी आहे: डोकं दोन्ही बाजूंना पसरलेलं आणि डोळे त्याच्या टोकांना. कोळीण डोकं कापून ठेवत असेल, तर कापायच्या आधी बघायला मागावी.

पापलेटाचं माप त्याहून सोपं. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेटाला १३५ मिमी. हल्लीचा मोबाइल १५० ते १६५ मिमी लांब असतो. बाजारात तो मेसेज वाचायला मोबाइल बाहेर काढलाच असेल, तर पाटीवरच्या पापलेटाशेजारी धरून बघावा.